आधी गोष्ट, मग रंग : प्रस्तावना

चिऊ-काऊची गोष्ट नुकतीच सांगून झाली होती. पहिलीचा वर्ग, बत्तीस मुलं, चौघांत मिळून मेणखडूंची एक पेटी. पानावर नुसत्या रेषेत काढलेली दोन घरं, एक कावळ्याचं आणि एक चिमणीचं. कावळ्याचं घर मुलांनी पटापट तपकिरी करून टाकलं. शेणाचं म्हटल्यावर कुणाला काही विचारावं लागलं नाही, ग्वाल्हेरच्या गल्ल्यांत गाई-म्हशी रोजच्या. मग एक मुलगी पान घेऊन टेबलापाशी आली. "मॅडम, मेणाचा रंग कोणता?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. मेणबत्ती पांढरी असते, तशी लाल-हिरवीही मिळते. पोळ्यातलं मेण पिवळसर, पण ते तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती जागेवर गेली. पेटीतला एकेक खडू उचलून तिनं हुंगला, नखानं खरवडून पाहिला, आणि चिमणीचं घर पेटीत होते तेवढ्या सगळ्या रंगांच्या पट्ट्यांनी भरून टाकलं. शेजारच्या मुलानं हरकत घेतली, असं घर असतं का कुठं. "हे पण मेणच आहे ना," खडू दाखवत ती म्हणाली, आणि पाण्याच्या बाटलीतले दोन थेंब त्या घरावर टाकले. थेंब घरंगळून खाली गेले. गोष्टीतल्या पावसात चिमणीचं घर का वाहून गेलं नाही, ते सगळ्या बाकाला दिसलं.

ही गोष्ट मराठी घरांत किती पिढ्या सांगितली जाते आहे, याची मोजदाद नाही. लीळाचरित्रातही ती येते. मी स्वतः ती शेकडो वेळा सांगितली असेल. मेणाच्या घरावरून पाणी का घरंगळतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो त्या मुलीला पडला, कारण गोष्ट ऐकून झाल्यावर तिच्या हातात खडू होता, समोर पान होतं आणि पुढची वीस मिनिटं तिला त्या घरापाशी थांबायचं होतं. गोष्टीतल्या पात्रांना रंगवण्याचं काम पहिली-दुसरीच्या वर्गात काय करू शकतं, हे मला त्या दिवशी उमजलं.

एरवी या कामाची प्रतिष्ठा फारच थोडी. शिक्षक रजेवर असले, दोन वर्ग एकत्र बसवावे लागले, की पानं वाटली जातात. गणेशोत्सवातल्या रंगभरण स्पर्धेत रेषेबाहेर गेलेलं पान पहिल्याच फेरीत बाजूला पडतं. डावीकडचं रंगीत चित्र बघून उजवीकडचं तसंच रंगवायचं, अशी पुस्तकं प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. दुसरीकडे, ज्यांनी बालशिक्षणाचा खोल विचार केला त्यांतले कित्येक जण छापील चित्र रंगवायला देण्याच्या सक्त विरोधात आहेत. पालक आणि दुकानदार एका बाजूला, कलाशिक्षणाचे मोठे विचारवंत दुसऱ्या बाजूला, आणि मधे चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणारी शिक्षिका. हे पुस्तक तिच्यासाठी आहे. त्यामुळं या वादाची थोडी ओळख तिला असली पाहिजे.

सुरुवात ग्वाल्हेरपासूनच करता येते. मारिया मॉन्टेसरी १९३९मध्ये भारतात आल्या, महायुद्धामुळं इथंच राहिल्या, आणि युद्धानंतर युरोपात जाऊन पुन्हा परतल्या. १९४८मध्ये त्यांनी अहमदाबाद, अड्यार आणि पुणे इथं शिक्षकांचे वर्ग घेतले. त्याच वर्षी त्या ग्वाल्हेरला आल्या आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक आदर्श मॉन्टेसरी शाळा त्यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. ही नोंद आपल्या शहरात फार थोड्यांना ठाऊक आहे.

मॉन्टेसरींच्या साहित्यात धातूचे साचे असतात. चौकटीत बसवलेला त्रिकोण, वर्तुळ, लंबगोल. मूल साच्याच्या कडेनं रंगीत पेन्सिल फिरवून आकृती काढतं, मग दुसऱ्या रंगानं ती आकृती एका शेजारी एक अशा रेघांनी भरतं. पहिल्या दिवशी रेघा वेड्यावाकड्या, कडेबाहेर सांडलेल्या. काही आठवड्यांनी त्या जवळजवळ येतात, कडेला नेमक्या थांबतात. मूल खेळत असतं, आणि त्याचा हात लिहिण्यासाठी तयार होत असतो. बोटांची पकड, मनगटाचं वळण, दाब कमी-जास्त करणं आणि हवं तिथं थांबणं हे सगळं 'अ' गिरवण्याच्या आधी हाताला यावं लागतं. ठरलेल्या कडेच्या आत रंग भरण्याच्या बाजूनं इतका भक्कम युक्तिवाद दुसऱ्या कुणी केलेला मला माहीत नाही.

मात्र मॉन्टेसरींच्या साच्यात कावळा नव्हता आणि चिमणीही नव्हती. लहान मुलांना आधी खरं जग हवं, पऱ्या-राक्षसांच्या कल्पितकथा नंतर, असं त्यांचं मत होतं. आपल्याकडं मॉन्टेसरी पद्धत रुजवणाऱ्यांनी नेमक्या याच ठिकाणी वेगळी वाट धरली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांनी साहित्य मॉन्टेसरींचं घेतलं, आणि त्याच्या शेजारी गोष्टीला मानाचं आसन दिलं. गोष्ट कशी निवडावी, कशी सांगावी, यावर त्यांनी वेगळं शास्त्रच लिहिलं. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 'शिक्षणपत्रिका' मराठीत चालवली. पुढं १९४५मध्ये बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या, अंगणवाड्या भरवल्या. महागडं साहित्य तिथं परवडणारं नव्हतं. बिया, पानं, शंख-शिंपले, माती हेच साहित्य झालं. आज आपल्या वर्गात पेटीतला निळा संपला म्हणून काम अडतं तेव्हा मला कोसबाड आठवतं. हळद, गेरू, कोळसा आणि पालकाचा रस एवढ्यावर एक अख्खी गोष्ट रंगवून होते. मी करून पाहिलं आहे.

छापील रंगवायची पुस्तकं आली ती पश्चिमेकडून. इंग्लंड-अमेरिकेत १८८०च्या सुमारास ती बाजारात आली. केट ग्रीनअवेची रेषाचित्रं त्यांत पुढं होती. गोष्टीतलं पात्र रंगवायला देण्याची कल्पना ठळक झाली ती बिअॅट्रिक्स पॉटरमुळं. तिचा पीटर नावाचा ससा १९०२मध्ये गोष्टीच्या पुस्तकातून आला आणि १९११मध्ये तिनंच त्याचं रंगवायचं पुस्तक काढलं. लिहिणारी, चित्र काढणारी आणि रंगवायला देणारी बाई एकच होती. मुलांच्या हाती ते पान पडे तेव्हा पीटर त्यांच्या ओळखीचा असे. आधी भेट, मग रंग, हा क्रम तिथं आपोआप सांभाळला गेला. पुढं बाजार वाढला तशी ओळख गळून पडली आणि नुसतं चित्र उरलं.

विरोधाची परंपराही तेवढीच जुनी आहे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७मध्ये मुलांसाठी कलावर्ग काढला. मुलांना शिकवू नका, त्यांच्या आतलं बाहेर येऊ द्या, हे तिथलं सूत्र होतं. या विचाराला पुढं सर्वांत धारदार केलं ते व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी. १९४७च्या आपल्या ग्रंथात त्यांनी चित्रांच्या पुराव्यानं दाखवलं की स्वतःच्या नजरेनं पक्षी काढणारं मूल छापील पक्षी रंगवल्यानंतर त्याच साच्याचे पक्षी काढायला लागतं. ती चित्रं पाहिल्यावर मन खट्टू होतं, आणि झालंच पाहिजे. आपल्याकडं सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत १९४४पासून देवीप्रसाद मुलांबरोबर काम करत होते. मुलाचं चित्र ही त्याची स्वतःची भाषा आहे, तिच्यात मोठ्यांनी आपले शब्द कोंबू नयेत, ही त्यांची धारणा होती. मध्य प्रदेशात 'एकलव्य' संस्थेचं 'चकमक' मासिक १९८५पासून मुलांनी स्वतः काढलेली चित्रं सन्मानानं छापत आलं आहे, तेही याच वाटेवरचं.

देवीप्रसाद शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली तयार झाले. आणि नंदलाल बोस १९२१मध्ये ग्वाल्हेर संस्थानासाठी बाघच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला गेले होते. बाघच्या चित्रांच्या प्रतिकृती आपल्या किल्ल्याच्या पायथ्याशी, गुजरी महालाच्या संग्रहालयात आहेत. ते संग्रहालय उभं केलं संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी. दुसऱ्याच्या रेषेवरून हात फिरवण्यात नंदलालांसारख्या चित्रकाराला कमीपणा वाटला नाही, कारण ती रेषा ज्यांनी काढली त्यांच्याबद्दल त्यांच्या मनात आदर होता आणि त्यांची स्वतःची रेषा पक्की झालेली होती. सहा वर्षांच्या मुलाची रेषा अजून पक्की व्हायची असते. म्हणून त्याच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. लोवेनफेल्डना आणि देवीप्रसादांना मी असं वाचते. ते खरे आहेत, आणि तरीही वर्गात रंगवायचं पान देता येतं. मात्र त्या पानाच्या आधी गोष्ट आणि त्याच्या शेजारी कोरा कागद असलाच पाहिजे.

या मतावर यायला मला बरीच वर्षं लागली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलानं हत्ती जांभळा रंगवला होता. मी लाल पेनानं त्यावर फुली मारली आणि खाली लिहिलं, 'हत्ती राखाडी असतो.' त्यानं पुढचे हत्ती राखाडी रंगवले, सगळे एकसारखे, आणि त्यांच्याबद्दल तो कधीही काही बोलला नाही. ती फुली मला आजही दिसते. ज्या गावात लग्नघराच्या दाराशी चितेरे पिढ्यान्‌पिढ्या रंगीबेरंगी हत्ती-घोडे आणि गणपती चितारत आले, तिथं मी एका मुलाला हत्तीचा रंग सांगत होते.

ग्वाल्हेरमध्ये या कामाला आणखी एक बाजू आहे. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी लष्कर ही वस्ती वसवली तेव्हापासून इथं मराठी घरं आहेत. दौलतगंज, फालका बाजार, शिंदे की छावनी ही नावं त्याची साक्ष देतात. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, ही इथल्या मुलांची जुनीच रीत. याच मुलखातल्या श्योपूरला मराठी घरात जन्मलेले मुक्तिबोध हिंदीतले थोर कवी झाले. दोन भाषांत वाढणं हे मोठं भाग्य आहे. पण घरातली भाषा स्वयंपाकघरापुरती आणि आजीपुरती उरते, आणि आजी गेली की ती भाषाही जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

रंगवण्याचा तास ही भाषा टिकवायची फार चांगली जागा आहे, कारण तेव्हा मुलं बोलतात. हात कामात असला की जीभ सुटते. भोपळ्यातल्या म्हातारीचं पान रंगवताना माझ्या वर्गात अर्धी मुलं 'कद्दू' म्हणत होती आणि अर्धी 'भोपळा'. एकानं भोपळ्याच्या आतला भाग काळाकुट्ट केला होता. का, तर आत अंधार असतो. म्हातारीला दिसत नाही, म्हणून तर तिला वाघाशी आवाजावरूनच बोलावं लागतं. आणि रंगांची नावं! हिंदीतला भूरा म्हणजे तपकिरी, मराठीत भुरा म्हटलं की वेगळीच छटा डोळ्यांपुढं येते. हिंदीतलं जामुनी आणि मराठीतलं जांभळा, दोन्ही एकाच फळावरून आलेली. मराठीनं तर रंगांची नावं सगळ्या घरादारातून उचलली: अबोली, डाळिंबी, श्रीखंडी, आमसुली, पोपटी, मोतिया, विटकरी, राखी, मोरपंखी. मेणखडूंच्या बारा रंगांच्या पेटीत यांतला एखाददुसराच असतो. एकदा मी मुलांना सांगितलं, उद्या आजीच्या किंवा आईच्या साड्यांच्या रंगांची नावं विचारून या. दुसऱ्या दिवशी म्हातारी लेकीकडं निघाली ती चिंतामणी रंगाचं लुगडं नेसून. निळ्यावर हिरवा घासून घासून मुलीनं तो रंग आणला होता, आणि तो शब्द वर्गातल्या साऱ्या मुलांना, मराठी नसलेल्यांनाही, पाठ झाला.

पानाबरोबर काही वाईटही वर्गात येतं आणि त्याकडं डोळेझाक करता येत नाही. राजकन्येसाठी मुलं 'स्किन कलर' मागतात. तो खडू फिकट गुलाबीसर असतो. मागणाऱ्या मुलाचा स्वतःचा हात त्याहून कितीतरी सावळा असतो. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीनं 'फ्लेश' म्हणजे मांसाचा रंग हे आपल्या खडूचं नाव १९६२मध्ये बदलून 'पीच' केलं. आपल्या वर्गात त्या खडूचं जुनं नाव अजून मुक्कामाला आहे. राक्षस काळा, राजपुत्र गोरा, ही जोडी मुलं शिकून आलेली असतात. मी मुलांना एकच सांगते: आपला हात पानाशेजारी ठेवा आणि त्याच्यासारखा रंग तयार करा. तपकिरीवर पिवळा, त्यावर थोडा नारिंगी. आधी सगळे हसतात, मग गप्प होऊन काम करतात. त्या दिवशीच्या राजकन्या सगळ्या वेगवेगळ्या होतात.

हे सगळं आत्ता का बोलायचं? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ ही वयं एका पायाभूत टप्प्यात आणली. म्हणजे पहिली-दुसरी आता बालवाडीशी जोडली गेली आहे. २०२१मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचं लक्ष्य मुलांना तिसरीपर्यंत समजून वाचता यावं हे आहे, आणि २०२२च्या पायाभूत टप्प्याच्या अभ्यासक्रम आराखड्यानं गोष्टी, खेळणी, गाणी, चित्रं यांना शिकण्याचं साधन म्हणून मान्यता दिली. कागदावर एवढं अनुकूल वातावरण माझ्या नोकरीच्या काळात नव्हतं. त्याच वेळी मोबाईलवर एका मिनिटात हवं ते रेषाचित्र मिळतं, कोपऱ्यावर झेरॉक्स आहे, आणि म्हणून वर्गात पानांचा पूर आला आहे. मुलं ज्यांना रंगवतात त्यांतली बहुतेक पात्रं पडद्यावरची असतात. त्यांचे रंग ठरलेले असतात, धोतर केशरी म्हणजे केशरीच, आणि मुलं एकमेकांच्या चुका काढत बसतात. ज्या गोष्टीतल्या म्हातारीच्या लुगड्याचा रंग कुणीच सांगितलेला नाही, तिथं ठरवायचं काम मुलाकडं येतं. ऐकीव लोककथेचं हे मोठं बळ आहे. मराठीत ते भरपूर आहे, आणि माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकारांच्या पुस्तकांमुळं चित्र कसं वाचायचं याचे उत्तम धडेही आता उपलब्ध आहेत.

या पुस्तकात म्हणूनच पडद्यावरचं एकही पात्र नाही. घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या मराठी आणि बुंदेली मुलखातल्या लोककथा आहेत, काही पंचतंत्रातल्या आणि इसापाच्या. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८मध्येच इसाप मराठी मुलांच्या हाती दिला, त्यामुळं त्यालाही आता आपलाच म्हणायला हरकत नाही. प्रत्येक गोष्ट आधी सांगण्यासाठी दिली आहे, वाचून दाखवण्यासाठी नव्हे. मागोमाग रेषाचित्र येतं. रेषा मुद्दाम फिकट आणि काही ठिकाणी तुटकी ठेवली आहे, कारण जाड काळी रेषा मुलाला कुंपणासारखी वाटते. बरीच चित्रं अर्धीच आहेत. कावळा आहे पण त्याचं घर मुलानं काढायचं, म्हातारी आहे पण वाघ नाही. प्रत्येक रेषाचित्रासमोरचं पान कोरं आहे. छापणाऱ्यांनी कागदाच्या खर्चाचा हिशोब दाखवला तेव्हाही आम्ही त्या कोऱ्या पानांवर तडजोड केली नाही.

नमुन्याचं रंगीत चित्र कुठंच दिलेलं नाही. शेरा लिहायला, तारे द्यायला जागा सोडलेली नाही. त्याऐवजी प्रत्येक गोष्टीखाली दोन-तीन प्रश्न आहेत, मूल रंगवत असताना त्याच्याशेजारी बसून विचारायचे. पाठांचा क्रम सक्तीचा नाही. मधूनच कुठूनही सुरुवात करा. आमच्या गोष्टींपेक्षा तुमच्या गावची गोष्ट चांगली असेल तर तीच घ्या आणि फळ्यावर खडूनं चार रेषा ओढा, छापील पानाचं अडून बसू नका.

माझ्या शिक्षक भगिनी-बंधूंना एवढीच विनंती आहे. तास पस्तीस मिनिटांचा असतो, मला माहीत आहे. गोष्ट सांगून, पानं वाटून, पेट्या गोळा करून होत नाही. अशा दिवशी पान उद्यावर टाका आणि गोष्ट आजच सांगा.

लष्कर, ग्वाल्हेर